डोळा रंगवण्यापूर्वी

या पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण एकच डोळा रंगवणार आहोत. तिशीतल्या एका बाईचा उजवा डोळा, तपकिरी बुबुळाचा, चित्राच्या डाव्या अंगाला असलेल्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडात पाहिलेला. नाक नाही, ओठ नाहीत, जोडीचा दुसरा डोळाही नाही. एका डोळ्यासाठी सबंध पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना लिहीत आहे.

संगणकावर चित्रे काढू लागलेला माणूस फार लवकर डोळ्याकडे वळतो. ते साहजिक आहे. समोर चेहरा आला की आपली नजर आधी डोळ्यांवर जाते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्र पाहणाऱ्यांच्या नजरेच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा चेहऱ्यावर फिरणारी नजर पुन्हापुन्हा डोळ्यांपाशीच येते असे त्यांना दिसले. त्यांचे हे संशोधन १९६७ साली इंग्रजीत आले. म्हणजे चित्रातला डोळा साधला तर बाकीच्या चेहऱ्यातले बरेच काही बघणारा सांभाळून घेतो, आणि डोळा फसला तर उत्तम रंगवलेली त्वचाही चित्राला वाचवू शकत नाही.

मात्र डोळ्याकडे वळलेला विद्यार्थी बहुतेक वेळा थेट बुबुळात शिरतो. त्यासाठी एक ठरलेली कृती गेली कित्येक वर्षे हातोहात फिरते आहे. गोल निवडायचा, त्यात नॉईज भरायचा, रेडियल ब्लर झूमवर ठेवून चालवायचा, की मध्यापासून बाहेर धावणाऱ्या रेषा तयार होतात. मग त्यावर निळा किंवा हिरवा रंग, कलर डॉजने थोडी चमक, मध्ये काळे वर्तुळ आणि वर एक पांढरा ठिपका. पाच मिनिटांत बुबुळ तयार होते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चकितही करते. ते चेहऱ्यावर बसवले की मात्र काचेची गोटी ठेवल्यासारखे दिसते. बुबुळात तपशील कमी पडला असे समजून विद्यार्थी आणखी रेषा घालतो, आणखी चमक वाढवतो, आणि डोळा आणखी निर्जीव होत जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की डोळ्याचा जिवंतपणा बुबुळात फार थोडा असतो. तो वरच्या पापणीच्या सावलीत असतो, पांढऱ्या भागाच्या करड्या छटांत असतो, खालच्या पापणीच्या ओल्या कडेवर असतो. या पुस्तकातली निम्म्याहून अधिक पाने या तीन गोष्टींवर खर्च झाली आहेत आणि बुबुळाला एकच प्रकरण दिले आहे. ही मांडणी जाणीवपूर्वक केलेली आहे.

आधी डोळ्याची घडण पाहू. प्रौढ माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यातला अगदी थोडा भाग पापण्यांच्या फटीतून आपल्याला दिसतो. दिसतो तो भाग सपाट नसतो, हे सगळ्यांना माहीत असते; तरी रंगवताना बहुतेकांकडून तो बदामी आकाराचा सपाट तुकडा होतो. शिवाय हा गोल सगळीकडे सारखा गोल नसतो. बुबुळावर पारपटलाचा पारदर्शक फुगवटा असतो. त्याची वक्रता बाकीच्या गोलापेक्षा जास्त असल्याने डोळा बाजूने पाहिला तर तो पुढे आलेला स्पष्ट दिसतो. पारपटलाच्या मागे पाणी आणि त्या पाण्यामागे बुबुळ. मध्यभागी हे अंतर सुमारे ३ मिलिमीटरचे असते. या ३ मिलिमीटरमध्ये आपल्या चित्राची सगळी जादू भरलेली आहे.

कारण हायलाइट बुबुळावर पडत नाही, तो पारपटलावर पडतो. खिडकीचे ते प्रतिबिंब डोळ्याच्या सर्वात पुढच्या, ओल्या पृष्ठभागावर असते. त्यामुळे बाहुलीची कड कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो निम्मा बाहुलीवर, निम्मा बुबुळावर बिनदिक्कत पसरतो. आपल्या चित्रात तो खिडकीच्या आकाराचा, किंचित वाकलेला चौकोन आहे आणि त्याच्या वरच्या कडेत पापणीच्या केसांची गडद प्रतिबिंबे शिरलेली आहेत. हायलाइट बाहुलीच्या बाजूला नेमका बसवला, तिच्या कडेला न शिवता, की तो बुबुळावर चिकटवलेल्या ठिपक्यासारखा दिसतो आणि ३ मिलिमीटरची खोली क्षणात नाहीशी होते.

याच खोलीमुळे आणखी एक गोष्ट घडते आणि ती नवशिक्याच्या चित्रात हमखास राहून जाते. पारपटल बहिर्गोल भिंगासारखे काम करते. उजेड डावीकडून वरून आला तर हायलाइट डावीकडे वर दिसतो. पण आत शिरलेला उजेड वळून पलीकडच्या बाजूला, म्हणजे बुबुळाच्या उजव्या खालच्या भागावर एकवटतो. म्हणजे बुबुळाचा सर्वात उजळ भाग हायलाइटच्या समोरासमोर असतो, त्याच्या शेजारी नव्हे. भिंतीवर किंवा चेंडूवर उजेड पडताना असे होत नाही, त्यामुळे छायाप्रकाशाची नेहमीची सवय इथे दगा देते. खिडकीजवळ बसलेल्या कोणाच्याही डोळ्यात बाजूने पाहा, बुबुळाच्या पलीकडच्या अंगाला उजळलेली कोर दिसेल. मोठ्या मऊ ब्रशने, कमी ओपॅसिटीवर, ओव्हरले किंवा कलर डॉजच्या लेयरवर ही एक कोर दिली की सपाट बुबुळ वाटीसारखे आत जाते. एकाही रेषेची भर न घालता हे होते.

आता डोळ्याचा पांढरा भाग. तो पांढरा नसतो. त्यावर वरच्या पापणीची आणि तिच्या केसांची सावली असते, कोपऱ्यांकडे गोल वळत जाताना तो काळवंडतो, आतल्या कोपऱ्याशी त्यात गुलाबी छटा मिसळते, आणि आजूबाजूच्या त्वचेचा रंगही त्यावर उतरतो. आपल्या चित्रात या भागाचा सर्वात उजळ रंगदेखील ब्राइटनेसच्या पट्टीवर ऐंशीच्या वर जात नाही आणि पापणीखाली तो पन्नासच्याही खाली येतो. पूर्ण पांढरा रंग सबंध चित्रात फक्त हायलाइटसाठी राखून ठेवलेला आहे. ही शिस्त पाळली तर हायलाइट आपोआप ओला दिसतो. पांढरा भाग आधीच पांढरा करून टाकला तर हायलाइटला उजळायला जागाच उरत नाही. वयाप्रमाणेही हा रंग बदलतो. लहान मुलांमध्ये हे आवरण पातळ असल्याने त्यात निळसर झाक असते, म्हाताऱ्या माणसांत ते पिवळसर होते, आणि त्यांच्या बुबुळाच्या कडेभोवती बऱ्याचदा राखाडी वलयही दिसते. आजोबांचे चित्र काढताना ते वलय पुसून टाकू नका.

पापणीची सावली ही तर या चित्रातली सर्वात मोलाची वस्तू. उजेड बहुधा वरून येतो आणि वरची पापणी डोळ्याच्या बाहेर झुकलेली असते, म्हणून तिची सावली पांढऱ्या भागावर आणि बुबुळाच्या वरच्या भागावर सलग उतरते. ती गोलाच्या वळणाने वाकते. तिच्याशिवाय नेत्रगोल आणि पापणी एकाच प्रतलात राहतात. सावलीसाठी वेगळा लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय ठेवा आणि रंग काळा न घेता उबदार करडा तपकिरी घ्या. मल्टिप्लायमध्ये खालच्या रंगाला वरच्या रंगाने गुणले जाते, त्यामुळे खालचा तपशील कायम राहून फक्त गडद होतो. सावली खऱ्या डोळ्यावर नेमके हेच करते.

खालच्या पापणीला जाडी असते, सुमारे २ मिलिमीटर. तिचे केस बाहेरच्या कडेपासून उगवतात आणि केसांची मुळे व नेत्रगोल यांच्यामध्ये त्वचेची एक ओली, गुलाबी, अरुंद पट्टी राहते. वरून आलेला उजेड नेमका त्या पट्टीवर पडतो. केस थेट नेत्रगोलाला टेकवून काढले की ही पट्टी गडप होते आणि डोळा कागदावर छापल्यासारखा दिसतो. पट्टी आणि नेत्रगोल मिळतात तिथे अश्रूंची बारीक रेघ साचलेली असते. आपल्या ३००० पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर ही रेघ मी तीन-चार पिक्सेलच्या ब्रशने काढली आहे आणि ती सलग ओढलेली नाही. मध्येच तुटते, बुबुळाच्या खाली जाड होते, आतल्या कोपऱ्यातल्या गुलाबी मांसल उंचवट्यापाशी दोन-तीन चमकत्या टिंबांत विरते. पुस्तकाचे सहावे प्रकरण सगळेच्या सगळे या रेघेबद्दल आहे. ते करून झाल्यावर तो लेयर एकदा बंद करून पाहा आणि पुन्हा चालू करा. काय फरक पडला हे सांगायला शब्दांची गरज राहणार नाही.

जुन्या चित्रकारांना हे सगळे ठाऊक होते. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली रंगवलेल्या सशाच्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब आहे. व्हर्मीरचे मोत्याचे कर्णभूषण घातलेल्या मुलीचे चित्र साधारण १६६५चे. हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ते आहे आणि जगभर त्या मुलीच्या नजरेची तारीफ होते. गंमत अशी की त्या डोळ्यांना साध्या नजरेने पाहिल्यास पापण्यांचे केस दिसतच नाहीत. व्हर्मीरने ते बारीक केस काढले होते हे चित्राच्या शास्त्रीय तपासणीतून कळले आणि संग्रहालयाने २०२० साली जाहीर केले. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक केस नसलेल्या डोळ्यांकडे पाहत आले आणि कोणाला ते निर्जीव वाटले नाहीत. सावली, ओलावा आणि हायलाइट यांवरच त्या डोळ्यांनी इतकी वर्षे काढली. पापण्यांचे केस काढण्यात तास न्‌ तास घालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. केस काढायचेच आहेत, पण शेवटी. आणि ते एकेक सुटे न काढता दोन-तीन केसांची टोके एकत्र येतील असे, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते.

बुबुळाबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडचे विद्यार्थी ज्या नमुन्यांवरून शिकतात त्यांतले बरेचसे डोळे निळे किंवा हिरवे असतात. त्यांत तंतू ठसठशीत दिसतात, कारण त्यांच्या पुढच्या थरात मेलॅनिन फार कमी असते. निळ्या डोळ्यात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. उजेड विखुरला जाऊन तो निळा दिसतो. आपल्या लोकांचे डोळे बहुतांशी तपकिरी. त्यांत मेलॅनिन भरपूर असते आणि ते तंतूंना झाकून टाकते. म्हणून तपकिरी बुबुळ मखमलीसारखे गुळगुळीत दिसते. त्यात बाहुलीभोवती एक दातेरी कडा, मध्येच काही खोलगट खड्डे, आणि बाहेरच्या भागात कडेला समांतर जाणाऱ्या मंद वर्तुळाकार घड्या असतात. बाहुली लहान-मोठी होताना बुबुळ ज्या ठिकाणी दुमडते तिथल्या त्या घड्या. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या लख्ख रेषा त्यात जवळपास नसतातच. निळ्या डोळ्याच्या रेषा काढून त्यावर तपकिरी रंग फिरवला तर तो डोळा नागपुरातल्या किंवा सांगलीतल्या कोणत्याच माणसाचा वाटणार नाही.

घरात ट्यूबलाइटखाली तपकिरी बुबुळ जवळजवळ काळे दिसते आणि बाहुली त्यात हरवते. तोच डोळा सकाळच्या कोवळ्या उन्हात आणा, मधासारखा सोनेरी उजळतो. आपल्या चित्रासाठी खिडकी निवडली ती यामुळेच. अंधारात आठ मिलिमीटरपर्यंत पसरणारी बाहुली उजेडात दोन ते चार मिलिमीटरवर येते, त्यामुळे बुबुळाला जागाही जास्त मिळते. खिडकीचा उजेड दाखवायचा आणि बाहुली भलीमोठी काढायची, ही विसंगती बघणाऱ्याला नाव देऊन सांगता येत नाही; पण खटकते.

हे सगळे कागदावरही करता येते. मग संगणक का? त्याचे मुख्य कारण लेयर. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करणारे त्यांचे भाऊ जॉन यांनी त्याचा उपयोग ओळखला आणि फेब्रुवारी १९९०मध्ये अ‍ॅडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. त्या पहिल्या आवृत्तीत लेयर नव्हते. ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. डोळा रंगवणाऱ्यासाठी हा बदल फार मोठा होता, कारण डोळा स्वतःच थरांचा बनलेला आहे. मागे नेत्रगोल, त्यावर बुबुळ, बुबुळात बाहुली, मग पापणीची सावली, मग पाण्याची रेघ, केस आणि सर्वांत वर हायलाइट. निसर्गातला क्रम आणि लेयरच्या पॅनेलमधला क्रम जुळला की चुकीचा थर एकटा दुरुस्त करता येतो.

लेयर नवे असले तरी त्यामागची कल्पना आपल्याकडे अनोळखी नव्हती. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एअरब्रशने साधलेली ती धूसर, मऊ छटा आठवत असेल. एअरब्रशने काम करताना जिथे रंग नको तो भाग झाकून ठेवावा लागतो आणि कुठली कड धारदार, कुठली मऊ हे आधीच ठरवावे लागते. आजचा मास्क म्हणजे तीच झाकपाक आहे. डॉज आणि बर्न ही हत्यारे तर सरळ फोटोग्राफीच्या डार्करूममधून आली आहेत. माझे ठाम मत आहे की हातात ब्रश धरून थोडे तरी काम केलेल्या माणसाला ही साधने लवकर वश होतात.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर मी फार वेळ घालवणार नाही. पुस्तकातल्या कृती फोटोशॉपमध्ये दाखवल्या आहेत, पण लेयर, मास्क, मल्टिप्लाय आणि ओव्हरले या चार गोष्टी क्रिटा आणि गिंप या मोफत प्रोग्रॅममध्येही आहेत आणि आपल्याला तेवढ्या पुरतात. दाब ओळखणारा पेन टॅब्लेट मात्र हवाच. लहानातला लहान, साध्यातला साधा चालेल. केसाचे निमुळते टोक माउसने काढणे म्हणजे हाताला नाहक शिक्षा आहे. फाइल शक्य असेल तर १६ बिटमध्ये ठेवा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात आणि पांढऱ्या भागावरच्या अलवार सावलीत त्या पायऱ्यांचे पट्टे उमटू शकतात.

फोटोवरून काम करावे का, असे विचारले जाते. जरूर करावे. पण फोटोतून पिकरने रंग उचलून उचलून चित्र भरणे हा अभ्यास नव्हे. फोटो शेजारी ठेवा, रंग डोळ्याने ओळखा, लावा, आणि मग पिकरने तपासा. थोड्याच दिवसांत अंदाज जवळ येऊ लागतो. एका क्लिकवर यंत्राने बनवलेले चेहरे मिळत असताना ही मेहनत कशासाठी, असेही आता कोणी म्हणेल. बफेलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली असे यंत्रनिर्मित चेहरे ओळखण्याची एक पद्धत मांडली. त्यांनी दोन्ही डोळ्यांतली प्रतिबिंबे ताडून पाहिली. खऱ्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत समोरचा उजेड सारखा दिसतो; त्या बनावट चेहऱ्यांत पुष्कळदा तो जुळत नव्हता. यंत्रे सुधारत राहतील. पण उजेड कुठून येतो आहे हे समजून हायलाइट ठेवणारा चित्रकार आणि डोळ्यासारखे काहीतरी जुळवणारी कृती, यांतला फरक त्या प्रतिबिंबात उघडा पडला होता.

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच सोपवली जाते. त्या हाताला अनडू नसतो. आपल्याला आहे आणि तो भरपूर वापरावा, त्यात कमीपणा नाही. फक्त एक पथ्य पाळा: पाण्याची रेघ आणि हायलाइट काढताना आधी थांबून पाहा, ठरवा आणि एका ओढीत काढा. चाचपडत काढलेली ओली रेघ ओली दिसत नाही.

पुस्तक क्रमाने वाचावे. बुबुळाचे प्रकरण आठवे आहे. ते आधी उघडण्याचा मोह होईल, तो आवरावा. पहिल्या प्रकरणासाठी संगणक लागणार नाही. हातात मावेल एवढा आरसा, ४बी पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन सकाळी खिडकीशी बसा आणि स्वतःचा एक डोळा काढा. चित्र कसे आले याची चिंता नको. उजेड कोणत्या बाजूने येतो, हायलाइट बाहुलीवर किती चढतो, वरच्या पापणीची सावली बुबुळावर कुठवर उतरते आणि खालच्या पापणीची ओली कड किती रुंद दिसते, या चार गोष्टी चित्राखाली लिहून ठेवा. तो कागद जवळ असल्याशिवाय दुसरे प्रकरण सुरू करू नका.